आठ वर्षांनंतर बॅटरीचे काय?

सायकलचा टायर झिजला की आपण तो बदलतो. भिंतीवरच्या घड्याळातील सेल संपला की नवा घालतो. टायर किंवा सेल यांची किंमत मूळ वस्तूच्या मानाने थोडी असते, म्हणून आपण त्याचा फारसा विचार करीत नाही. पण समजा, एखाद्या वस्तूचा एकच भाग असा आहे, की तो बदलण्याचा खर्च त्या वस्तूच्या आजच्या किमतीइतका किंवा त्याहूनही अधिक आहे. मग ती वस्तू दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या मालकापुढे कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतो. त्या मोटारीतील सर्वांत महागडा भाग म्हणजे तिची बॅटरी. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारी टाटा नेक्सॉन ही विजेची मोटार जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरीवर कंपनीने ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तेथपर्यंत, हमी दिली होती. म्हणजे त्या पहिल्या मोटारींची हमी २०२८ मध्ये संपते. हमी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी बॅटरी बंद पडते काय? पडत नसेल तर ती केव्हा बदलावी लागते, आणि त्याचा भार कोणावर पडतो? रसायनशास्त्र आणि अंकगणित या दोहोंची मदत घेऊन आपण याचे उत्तर शोधू.

फिनिक्सचा उन्हाळा

डिसेंबर २०१० मध्ये निस्सान कंपनीने लीफ नावाची विजेची मोटार जपानात आणि अमेरिकेत विकण्यास सुरुवात केली. तिच्या बॅटरीत २४ किलोवॅट-तास ऊर्जा साठत असे. घरच्या वीजबिलात आपण जिला एक युनिट म्हणतो ती ऊर्जा म्हणजेच एक किलोवॅट-तास. तेव्हा ही बॅटरी २४ युनिटची होती असे म्हणा. अमेरिकेतील सरकारी चाचणीनुसार २०११ ची लीफ एकदा भारित केल्यावर ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर जात असे.

या मोटारीत घड्याळाच्या फळीवर बारा लहान पट्ट्यांचा एक दर्शक होता. बॅटरीची ऊर्जा साठवण्याची क्षमता जसजशी घटेल तसतशी एकेक पट्टी विझत जाई. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स हे शहर वाळवंटी प्रदेशात आहे. उन्हाळ्यात तेथील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. २०१२ च्या उन्हाळ्यात तेथील काही मालकांच्या लक्षात आले, की दीड-दोन वर्षांतच आपल्या मोटारीच्या पट्ट्या विझू लागल्या आहेत आणि पल्ला कमी झाला आहे. थंड प्रदेशातील मालकांना हा अनुभव इतक्या लवकर येत नव्हता. मोटार तीच, बॅटरी तीच. फरक होता तो हवेचा.

लीफच्या बॅटरीला पंख्याने किंवा द्रवाने थंड ठेवण्याची सोय नव्हती. मालकांच्या तक्रारींनंतर कंपनीने क्षमतेची स्वतंत्र हमी जाहीर केली : पाच वर्षांत किंवा ६०,००० मैलांत बारापैकी नऊ पट्ट्याही उरल्या नाहीत, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. जून २०१४ मध्ये कंपनीने हमीबाहेरच्या मालकांसाठी नव्या बॅटरीची किंमतही जाहीर केली. ती ५,४९९ डॉलर होती, आणि जुनी बॅटरी परत देणे ही तिची अट होती. विजेच्या मोटारीच्या बॅटरीला असा उघड भाव लागल्याचे हे सुरुवातीचे उदाहरण होय.

बॅटरीच्या पोटात

आता फिनिक्समध्ये काय घडले ते समजून घेण्यासाठी बॅटरीच्या पोटात डोकावू. लीफच्या बॅटरीत १९२ चपटे विद्युतघट होते. दोन-दोन घट समांतर जोडून अशा ९६ जोड्या एकसर जोडणीत ठेवलेल्या. प्रत्येक घटाचे विभवांतर सरासरी ३.७५ व्होल्ट, म्हणून एकूण ९६ × ३.७५ = ३६० व्होल्ट.

हे घट लिथियम-आयन जातीचे होते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये हे घट प्रथम बाजारात आणले. त्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घटाची रचना मोठी सुटसुटीत आहे. एका बाजूला ग्रॅफाइटची ऋण पट्टी, दुसऱ्या बाजूला धातूच्या ऑक्साइडची धन पट्टी, आणि मध्ये लिथियमचा क्षार विरघळलेले द्रावण. घट भारित करताना लिथियमचे आयन धन पट्टीतून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. मोटार चालू लागली की ते परत धन पट्टीकडे येतात. जितके आयन ये-जा करू शकतील तितकी घटाची क्षमता. हे वाक्य लक्षात ठेवा; पुढचे सारे त्यावरून उलगडते.

घट पहिल्यांदा भारित करताना ग्रॅफाइटला लागून असलेल्या द्रावणाचे थोडे विघटन होते आणि ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ पापुद्रा बसतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यावर ऑक्साइडचा थर बसून आतील धातूचे रक्षण होते, हे तुम्ही शिकला असाल. तसाच हाही पापुद्रा रक्षक आहे. तो नसता तर द्रावणाचे विघटन होतच राहिले असते. पण हा पापुद्रा तयार होण्यात लिथियम खर्ची पडते, आणि ते पुन्हा ये-जा करण्यासाठी मिळत नाही. पापुद्रा वर्षानुवर्षे हळूहळू जाड होत राहतो. मोटार चालवा वा नुसती उभी ठेवा, ही झीज चालूच असते. हे झाले बॅटरीचे वयोमानाप्रमाणे येणारे म्हातारपण.

दुसरी झीज वापरामुळे होते. आयन आत शिरताना ग्रॅफाइट किंचित फुगते व बाहेर पडताना आकसते. असे हजारो वेळा झाले की कणांना बारीक तडे जातात, नवा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि त्यावर पुन्हा पापुद्रा बसून आणखी लिथियम अडकते.

पापुद्रा जितका जाड, तितकी त्याची पुढची वाढ मंद. त्यामुळे झीज ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. समजा, पहिल्या वर्षी क्षमता ५ टक्क्यांनी घटली. तर चार वर्षांनी घट २० टक्के नसून सुमारे १० टक्के, आणि नऊ वर्षांनी १५ टक्के असेल. सुरुवातीची घट पाहून घाबरलेल्या मालकाने हे गणित लक्षात घ्यावे. मात्र फार जुन्या बॅटरीत इतर बिघाड सुरू होऊन झीज पुन्हा वेग घेऊ शकते.

आणि उष्णता? रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. दर दहा अंशांना वेग साधारण दुप्पट, असा एक व्यवहारी आडाखा आहे. त्या हिशेबाने २५ अंशांवर जी झीज आठ वर्षांत होईल ती ३५ अंशांवर सुमारे चार वर्षांत होईल. शिवाय लीफच्या धन पट्टीत मँगनीजची संयुगे होती. उष्णतेने त्यातील थोडे मँगनीज द्रावणात उतरते, ग्रॅफाइटपर्यंत पोहोचते आणि तेथील पापुद्रा बिघडवते. फिनिक्सच्या मालकांना जो फटका बसला त्यामागे हे रसायनशास्त्र होते. पुढे कंपनीने उष्णता अधिक सोसणारे घट वापरण्यास सुरुवात केली. आज बहुतेक मोटारींच्या बॅटरीत थंड द्रव खेळवलेला असतो. आपल्या देशातील अनेक मोटारींत धन पट्टीसाठी लोह-फॉस्फेट वापरतात. असे घट ऊर्जा थोडी कमी साठवतात, पण अधिक वर्षे टिकतात. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्याचा विचार केला तर ही निवड महत्त्वाची ठरते.

हमी म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे

हमी आठ वर्षांची, म्हणून बॅटरीही आठच वर्षे जगते, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. बहुतेक कंपन्यांच्या हमीचा अर्थ असा, की या मुदतीत क्षमता मूळच्या सुमारे ७० टक्क्यांच्या खाली गेली तर जबाबदारी आमची. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक समितीने मार्च २०२२ मध्ये ठरवलेल्या नियमातही असेच आकडे आहेत : पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरनंतर किमान ८० टक्के, आणि आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरनंतर किमान ७० टक्के क्षमता उरली पाहिजे.

शिवाय ७० टक्के उरलेली बॅटरी निकामी नसते. ११७ किलोमीटरचा पल्ला ८२ किलोमीटरवर येतो, इतकेच. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याला तो पुरेसा आहे. रोज नव्वद किलोमीटर जाणाऱ्याला नाही. कॅनडातील जिओटॅब या कंपनीने २०२४ मध्ये सुमारे दहा हजार मोटारींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्षमतेतील सरासरी घट वर्षाला १.८ टक्के निघाली. या वेगाने आठ वर्षांनंतरही ८५ टक्के क्षमता शिल्लक राहील. म्हणजे बहुतेकांना बॅटरी बदलण्याची पाळी लवकर येत नाही. पण सरासरी म्हणजे प्रत्येकजण नव्हे. ज्याच्यावर पाळी येते, त्याला संपूर्ण खर्च एकदम करावा लागतो.

किंमत उतरते, तरी बिल मोठे का?

ब्लूमबर्ग एनईएफ ही संस्था दरवर्षी बॅटऱ्यांच्या भावाची पाहणी करते. तिच्या पाहणीनुसार २०१० मध्ये एक युनिट ऊर्जा साठवणाऱ्या बॅटरीला सरासरी एक हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता. २०२४ मध्ये तोच ११५ डॉलरवर आला. या भावाने २४ युनिटची बॅटरी २,७६० डॉलरची होते. लीफची २०१४ ची बॅटरी युनिटमागे सुमारे २२९ डॉलरची होती, हे ताडून पाहा.

पण ११५ डॉलर हा मोटार-कारखान्यांना हजारोंनी खरेदी करताना मिळणारा भाव आहे. एकट्या मालकाला त्या भावाने बॅटरी मिळत नाही. दोनअडीचशे किलो किंवा त्याहून जड वस्तूची सुरक्षित वाहतूक, गोदाम, कुशल कारागिरांची मजुरी, विक्रेत्याचा नफा आणि कर हे सर्व त्यावर चढते. दुसरी अडचण अशी, की प्रत्येक मोटारीच्या बॅटरीचा आकार, जोडण्या आणि नियंत्रक निराळे असतात. दहा वर्षांपूर्वीची मोटार आज बनत नसेल, तर तिची बॅटरी थोड्या संख्येने बनवावी लागते, आणि थोड्या संख्येने बनणारी वस्तू महाग पडते.

थोडे गणित

आता एक उदाहरण सोडवू. यातील आकडे गणितासाठी धरलेले आहेत; तुम्ही तुमच्या गावचे भाव घालून ते पुन्हा सोडवा.

पेट्रोलची मोटार लिटरमागे १५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे असे धरू. किलोमीटरला खर्च ६.६७ रुपये. विजेची मोटार युनिटमागे ६ किलोमीटर जाते आणि वीज १० रुपये युनिट आहे असे धरू. किलोमीटरला खर्च १.६७ रुपये. म्हणजे दर किलोमीटरला बचत ५ रुपये. नवी बॅटरी ६ लाख रुपयांची असेल, तर तिची किंमत भरून निघण्यास किती किलोमीटर चालावे लागेल? ६,००,००० ÷ ५ = १,२०,०००.

वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्याची ही रक्कम आठ वर्षांत वाचते. वर्षाला ५,००० किलोमीटर चालणाऱ्याला मात्र चोवीस वर्षे लागतील, आणि मोटार उभी असली तरी पापुद्रा वाढतच असतो हे आपण पाहिले. तेव्हा विजेची मोटार परवडते की नाही, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जो फार चालवतो त्याला ती लवकर परवडते.

आता खरी गोम पाहा. पहिल्या मालकाने आठ वर्षे मोटार वापरली, इंधनाचे सहा लाख वाचवले, आणि हमी संपताच ती चार लाखांना विकली. घेणारा बेताच्या मिळकतीचा. स्वस्तात मिळाली म्हणून त्याने ती आनंदाने घेतली. दोन वर्षांनी बॅटरी गेली आणि सहा लाखांचे बिल पुढे आले. बचत पहिल्याने केली, बिल दुसऱ्याच्या हातात पडले! चार लाखांच्या गाडीत सहा लाखांची बॅटरी कोण घालील? गाडी भंगारात जाईल, आणि तिच्याबरोबर चांगले असलेले मोटर, चाके, सांगाडा हे सारेही जाईल.

हा अन्याय टाळण्याचा पहिला उपाय म्हणजे माहिती. जुनी मोटार घेताना बॅटरीत किती क्षमता उरली आहे हे घेणाऱ्याला कळले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या नियमात ही क्षमता मालकाला मोटारीतच दिसावी अशी तरतूद आहे. युरोपीय संघाने २०२३ च्या कायद्यात मोटारीच्या प्रत्येक बॅटरीला माहितीपत्र जोडण्यासाठी फेब्रुवारी २०२७ ही तारीख घालून दिली. शरीराचा ताप न मोजता औषध देऊ नये, तसे बॅटरी न मोजता जुन्या मोटारीची किंमत ठरवू नये.

एकच घट बदलला तर?

सहलीला निघालेल्या वर्गातील एकजण दमला की सगळ्यांनाच थांबावे लागते. एकसर जोडणीतही तसेच होते. ९६ जोड्यांपैकी एक जोडी लवकर रिकामी झाली, तर नियंत्रक सगळी बॅटरीच थांबवतो. अशा वेळी संपूर्ण बॅटरी टाकून देण्याऐवजी दमलेला भाग शोधून बदलता येतो. लीफमध्ये चार-चार घटांचे ४८ संच होते आणि ते स्क्रूने काढता येत. जपानच्या फुकुशिमा प्रांतातील नामिए गावी २०१८ मध्ये फोर-आर एनर्जी या कंपनीने कारखाना सुरू केला. तेथे जुन्या बॅटऱ्यांतील संच मोजून, चांगले निवडून, पुन्हा बॅटरी जोडतात. अशी नूतनीकृत २४ युनिटची बॅटरी जपानात ३ लाख येनला मिळू लागली. नव्या बॅटरीची किंमत ६ लाख ५० हजार येन होती.

काही नव्या बॅटऱ्यांत मात्र घट सांगाड्याला चिकटवून टाकलेले असतात. त्यामुळे वजन व जागा वाचते, पण एक घट बदलणे जवळजवळ अशक्य होते. आज स्वस्त बनवलेली वस्तू उद्या दुरुस्तीला महाग पडते, ती अशी.

शंभर वर्षांपूर्वीची युक्ती

हा प्रश्न नवा आहे असे समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेच्या मोटारी व ट्रक बरेच होते, आणि त्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या लवकर झिजत. हार्टफर्ड शहरातील वीज कंपनीने एक युक्ती काढली : ग्राहकाने ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यावा, बॅटरी कंपनीची, ती रिकामी झाली की भरलेली लावून द्यायची. ग्राहकाने दरमहा ठरावीक रक्कम आणि धावलेल्या मैलांप्रमाणे पैसे द्यावे. १९१० ते १९२४ या काळात या योजनेतील वाहने साठ लाख मैलांहून अधिक धावली. बॅटरीच्या म्हातारपणाची काळजी ग्राहकाकडून कंपनीकडे गेली.

तीच कल्पना आज परत आली आहे. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने झोई ही मोटार बॅटरी भाड्याने देऊन विकली. भारतात सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने विंडसर ही मोटार आणली, तेव्हा बॅटरीसाठी किलोमीटरमागे ३.५० रुपये देण्याचा पर्याय ठेवला. वरच्या गणितात ही रक्कम घालून पाहा, म्हणजे ५ रुपयांच्या बचतीतील किती उरते ते कळेल. काळजी जाते, पण ती फुकट जात नाही.

मोटारीला नकोशी झालेली बॅटरी घराला किंवा कारखान्याला उपयोगी पडते, कारण तेथे वजनाचा प्रश्न नसतो. ॲम्स्टरडॅमच्या योहान क्रॉइफ क्रीडांगणात २०१८ मध्ये १४८ लीफ मोटारींच्या बॅटऱ्यांइतकी साठवण बसवली. तिच्यात नव्यांबरोबर जुन्या बॅटऱ्याही आहेत. आणि शेवटी उरलेल्या बॅटरीतून निकेल, कोबाल्ट, लिथियम परत मिळवता येते. भारत सरकारच्या ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे. जुन्या बॅटरीला जितका चांगला भाव येईल, तितका नवीचा भार हलका होईल.

करून पाहा

बॅटरीचे वय मोजण्याचा एक सोपा प्रयोग तुम्हालाही करता येईल. पुन्हा भारित करता येणारे निकेल जातीचे दोन पेन्सिल सेल घ्या : एक नवा आणि एक बरीच वर्षे वापरलेला. दोहोंवर छापलेली क्षमता सारखी असावी. दोन्ही पूर्ण भारित करा. दोघांना १.५ व्होल्टचा एकसारखा तारेचा बल्ब जोडा व वेळ लिहून ठेवा. बल्ब मंद झाला की लगेच तार सोडवा आणि पुन्हा वेळ लिहा. यास काही तास लागतील, म्हणून प्रयोग सुट्टीच्या दिवशी करावा. जुन्या सेलच्या वेळेला नव्याच्या वेळेने भागून शंभरने गुणा. आलेली संख्या म्हणजे जुन्या सेलची उरलेली क्षमता, टक्क्यांत. हा प्रयोग मोबाइलच्या किंवा इतर कोणत्याही लिथियम बॅटरीवर मात्र करू नका. ती उघडल्यास किंवा तिची टोके जोडली गेल्यास आग लागू शकते.

झीज पूर्ण थांबवता येत नसली तरी मंद करता येते. मोटार सावलीत उभी करावी, बॅटरी काठोकाठ भरून दिवसचे दिवस उन्हात ठेवू नये, अगदी तळाशी जाऊ देऊ नये, आणि जलद भारण गरजेपुरतेच वापरावे. लोह-फॉस्फेटची बॅटरी मात्र अधूनमधून पूर्ण भरावी, असे तिचे निर्माते सांगतात. कारण त्यावाचून नियंत्रकाला तिचा नेमका अंदाज येत नाही.

२०२८ साली पहिल्या नेक्सॉनची हमी संपेल, तेव्हा तुमच्यापैकी कित्येकजण महाविद्यालयात असतील. त्या मोटारी सुस्थितीत दुसऱ्या घरी जातील की भंगारात, हे आपल्याकडे बॅटरी मोजणारे, उघडून दुरुस्त करणारे आणि पुन्हा जोडणारे किती हात तयार होतात यावर ठरेल. आज गावोगावी पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे कारागीर आहेत. विद्युतघटाची नाडी ओळखणारे कारागीर अजून घडायचे आहेत. ते काम तुमची वाट पाहत आहे.